तीन महिन्यांची साखर

साखर निघाली माझ्या सासऱ्यांना आणि गावभर बदनामी झाली माझी.

गाव उसाचं, पारगावचा कारखाना हाकेच्या अंतरावर. हंगामात गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाच्या हातात काकवीची वाटी दिल्याशिवाय कुणी सोडत नाही, नको म्हटलं तर मालकाला राग येतो. आमचे मामा, सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणायचो, कुणाला राग येऊ द्यायचे नाहीत. घरात मी गोड बंद केलं, भात कमी वाढायला लागले, तर ते लेकीकडे जाऊन रडायचे, "सून उपाशी मारती मला." लेक म्हणजे माझी नणंद, मंचरला दिलेली. ती पेढ्यांचा पुडा घेऊन यायची आणि शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायची, "माझ्या बापाच्या तोंडचा घास काढती ही." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तपासणीचं तंत्र मामांना पाठ झालं होतं. रात्री जेवल्यावर काही खायचं नाही, नुसतं पाणी प्यायचं, सकाळचा चहासुद्धा न घेता नारायणगावच्या दवाखान्यात जाऊन रक्त द्यायचं. मग जेवायचं आणि दोन तासांनी परत सुई. डॉक्टर दर वेळी बजावायचे, "तपासणी आहे म्हणून आधीचे दिवस वेगळं काही करू नका. रोज खाता तेच खा, तरच आम्हाला खरं कळेल." मामांनी नेमकं उलटं धरलं. साहेब येणार म्हणून शाळा झाडून घेतात ना, तसं चार दिवस आधीपासून कारल्याचा रस, मेथीचं पाणी, अर्धी भाकरी, मळ्यापर्यंत चालणं. रिपोर्ट चांगला आला की कागद घेऊन स्वारी थेट पारावर. "बघा राव, मला काय बी न्हाई. ही उगा छळती."

मग एकदा पायाच्या अंगठ्यात उसाचं खोडकं घुसलं. जखम भरेना, काळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, साखर ताब्यात नसेल तर अंगठा गमवावा लागेल. मामांनी शांतपणे आपला रिपोर्ट पुढे केला. डॉक्टरही चक्रावले. मामा बाहेर बाकड्यावर बसले तेव्हा मी आत जाऊन कारल्यापासून काकवीपर्यंत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अजून एक तपासणी असते. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटून राहते. त्यावरून गेल्या तीन महिन्यांचं सरासरी मान कळतं. त्याला उपाशीपोटीसुद्धा यावं लागत नाही."

अगं बाई! आता बरे सापडलात, म्हटलं.

मामांचं रक्त पुण्याला गेलं. घरी मी चकार शब्द काढला नाही. रिपोर्टच्या दिवशी मात्र नणंदेला मुद्दाम फोन केला, "वन्सं, या की दवाखान्यात. तुमच्याच कानांनी ऐका." ती नवं लुगडं नेसून आली, माझी फजिती बघायला.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. साखर भलतीच वर होती.

"असं कसं साहेब? मी तर चार दिस कारलंच खाल्लंय," मामा म्हणाले.

"चार दिवसांचं नाही हो हे. तीन महिने काय खाल्लं ते सांगा."

मी नणंदेकडे वळले. "सांगा की वन्सं, पेढे कुणी आणले? घास मी काढत होते ना?" तिचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला बोलू, इतकं गार वाटलं जिवाला की काय सांगू! इतक्या वर्षांचं सगळं मी तिथंच, नर्सबाईंच्या देखत, तिच्या पदरात घातलं.

डॉक्टरांनी मला हातानंच थांबवलं. म्हणाले, "अंगठा काढावा लागेल, आणि या आठवड्यातच. नाहीतर पाय जाईल."

नणंद हुंदके द्यायला लागली. मामांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझा हात धरला, जन्मात पहिल्यांदा. "सूनबाई, आता तू वाढशील त्येवढंच खाईन बघ. अंगठा तेवढा राहू दे म्हणावं डॉक्टरला."

हेच ऐकायला मी टपून बसले होते.

"आता लई उशीर झाला, मामा," मी म्हटलं, आणि नणंदेला नीट ऐकू जाईल असं म्हटलं.