आकाशवाणीचा घुमारा

आवाजापेक्षा आवाजाच्या शेपटीवर जास्त जीव असलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो माझा धाकटा साडू. दिंद्रुडला जत्रेतल्या नाटकांचा साउंड तो लॅपटॉपवरून सांभाळायचा. कुठंही गेला की आधी एक टाळी वाजवायचा आणि मान तिरकी करून ती विरेपर्यंत ऐकायचा. विहिरीत, देवळात, पालीच्या धरणाच्या भिंतीपाशी, इथवर ठीक होतं. पण गेवराईला सासरे वारले, तेव्हा माणसांनी भरलेल्या ओसरीतही यानं टाळी वाजवली. बायका रडायच्या थांबल्या. हा मेव्हण्याला म्हणतो, "पत्र्याखाली आवाज लई फाटतो, बरं का." मेव्हणा वर्षभर बोलला नाही.

त्या वर्षीच्या नाटकात मी कंस होतो. आकाशवाणी घुमावी म्हणून यानं त्या एका भरून ठेवलेल्या आवाजाला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लावला होता. पण आवाज संपला की लॅपटॉपमधला प्रोग्राम घुमाराही तिथंच छाटायचा. तालमीत मी हटून बसलो, "असल्या आकाशवाणीला कंसानं भ्यायचं कावून बे?"

"साडूभाऊ, शेपटी ठेवायची तर रिव्हर्ब सगळ्यावरच टाकावा लागतो. मग तुमचे माइकबी घुमतेत."

"घुमू दे. टाक."

त्यानं टाकला. प्रयोगात आकाशवाणी अशी घुमली की पुढच्या बायकांनी हात जोडले. लगेच रिव्हर्ब काढायचा, तर लॅपटॉप अडकला. आवाज चालू, पण बटण कुठलंच ऐकेना. तेवढ्यात मध्यंतर झालं आणि प्रमुख पाहुणे माइकवर आले. स्वतःचा घुमणारा आवाज त्यांना इतका आवडला की भाषण संपेचना. मी पडद्यामागं मुकुट मांडीवर घेऊन, घामानं सुटलेली मिशी दाबत बसलेलो. वैतागून पुटपुटलो. छातीवरचा माइक चालू होता.

आभाळातून आवाज आला, "आता गप बस की बे... बे... बे..."

पाहुण्यांनी आधी वर पाहिलं. मग खाली उतरले आणि सरळ गाडीत जाऊन बसले.

घुमाऱ्यात माझा आवाज कुणाला ओळखू आला नाही. सगळ्यांना वाटलं, साडूनंच भरून ठेवलेलं काहीतरी सोडलं. त्याच्या टेबलावरच्या मिक्सरवर माझ्या माइकचा दिवा लुकलुकत होता. त्यानं तो पाहिला, पडद्याच्या फटीतून मला पाहिलं, दिवा विझवला आणि जत्रेच्या कमिटीला म्हणाला, "चुकून लागलं." कमिटीनं त्याला टेबलावरून उठवलं, ते कायमचं. मी मिशी चिकटवली आणि उरलेला कंस केला.

यंदा जत्रेआधी मी कमिटीपुढं उभा राहून खरं सांगितलं. आधी कुणाला पटेना. मग अध्यक्ष पोट धरून हसले, म्हणाले, "घेऊन या त्यांना. टेबल त्यांचंच."

मी तडक त्याच्या घरी गेलो. त्यानं चहा पुढं केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"तिथं आता दुसरा बसतो, साडूभाऊ. मला उठवलं तसं त्याला कावून उठवायचं?"

मी कपबशी खाली ठेवली. तो जवळ सरकला, आवाज खाली आणून म्हणाला, "पण खरं सांगू? तुमचं ते 'बे' लई सुंदर विरलं. सगळा मंडप चिडीचूप झालता ना, पार शेवटापर्यंत ऐकू आलं."