नवी वाळू

बादली माझ्या पायाशी ठेवली. आत फिनाइल.

"आत गेला होतात ना? आता धुवून काढा," मॅनेजर म्हणाला.

मी क्लबच्या नव्या टॉयलेटमधून नुकतीच बाहेर आले होते. पाळी अचानक आली होती, पोटात कळा येत होत्या. दारात एका मेंबर मुलीची आई उभी. मला पाहून ती भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकली. माझ्याशी बोलली नाही. फोन करून मॅनेजरला बोलावलं.

त्यानं आधी विचारलं, "आडनाव काय म्हणालात तुमचं?"

मी सांगितलं.

"तरीच," तो म्हणाला. आणि मग बादली.

वाघोलीच्या पुढे हा घोडेस्वारीचा क्लब. मी येरवड्याहून बसनं जायची. घोडे पळाले की मैदानात खड्डे पडतात. ते लोखंडी दातांच्या पंज्यानं सारखे करायचे, लीद उचलायची, धूळ उडू नये म्हणून पाणी मारायचं. त्या वर्षी मैदानातला जुना मुरूम काढून टाकला. धुतलेली बारीक वाळू आली. तिच्यात कापडाचे तुकडे मिसळायचे, म्हणजे घोड्याच्या पायाला दणका बसत नाही. ती वाळू आम्ही चौघींनी पसरली. भर उन्हात. पाठी मोडल्या.

घोड्यांच्या तबेल्यात पंखे लागले. घोड्यांना अंघोळीला गरम पाणी आलं. मेंबरांना आरशाचं टॉयलेट. आम्हाला लिदीच्या ढिगामागे एक पत्रा. दार नाही, पाणी नाही. शांताबाई आमच्यात मोठी. ती दिवसभर पाण्याचा घोट घ्यायची नाही, जावं लागेल म्हणून. लघवीला आग व्हायची तिला. मी मॅनेजरला एकदा विचारलं होतं.

"अख्खं माळरान आहे की," तो म्हणाला होता.

माझी आई बंगल्यांत भांडी घासायची. चहा तिला फुटक्या कानाच्या कपात. तो कप बाहेर, खिडकीत. घरी बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायची आणि बंगल्यात मान खाली घालायची. "जाऊ दे गं," म्हणायची. त्या 'जाऊ दे'वर मी वाढले. बादलीकडे बघताना मला पहिल्यांदा आईचा राग आला. मग कळलं, राग आईचा नाही.

"मी घाण केलेली नाही. धुणार नाही."

"एवढं काय मनाला लावून घेताय? फिनाइल आपण रोजच मारतो."

"मग रोजच्या वेळेला मारा."

"काम सोडावं लागेल."

मी बादली तिथंच ठेवून निघाले. मैदानात जाऊन तिघींना झालं ते सांगितलं. शांताबाईनं हातातला पंजा खाली टाकला.

दुसऱ्या दिवशी क्लबमध्ये स्पर्धा होती. आम्ही फाटकाबाहेर बसलो. आत सरावानं उखणलेली वाळू तशीच पडलेली. गाड्या येऊ लागल्या, तसा मॅनेजर धावत आला. आवाज एकदम मऊ.

"अहो, आपण सगळे एका घरातलेच ना?"

"मग घरात संडास कुठंय आमचा?" शांताबाई म्हणाली.

तो आत गेला. ठेकेदाराची माणसं टेम्पोतून आली. वाळू सारखी झाली. स्पर्धा झाली. टाळ्या बाहेर ऐकू आल्या. एकाही मेंबरनं गाडीची काच खाली करून विचारलं नाही, तुम्ही इथं का बसलाय. संध्याकाळी चौघींना कामावरून काढल्याचं सांगितलं.

मी घरी गेले नाही. पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणाला, "बाई, टॉयलेटवरून अॅट्रॉसिटी? मिटवून टाका."

"टॉयलेटवरून नाही. जातीवरून. लिहून घ्या."

तो टाळत राहिला, मी बाकावर बसून राहिले. शेवटी लिहून घेतलं.

आता केस उभी आहे. हातात दुसरं काम नाही. क्लबकडून माणसं येतात. तुम्हाला परत घेतो म्हणतात, साहेब चुकून बोलले म्हणतात. आईसुद्धा म्हणते, जाऊ दे.

जाऊ देणार नाही. तारखा पडू देत. प्रत्येक तारखेला मी उभी राहीन आणि मॅनेजरनं काय विचारलं, तो काय म्हणाला, ते त्याच्या तोंडावर, सगळ्यांसमोर सांगेन.