डोमानं प्यायलेलं सोनं

सावली तालुक्यातल्या आमच्या तलावात डोमा ढिवराइतका हट्टी मासाही सापडला नसता. जाळं फेकण्यात गावात पहिला, ऐकून घेण्यात शेवटून पहिला. २००६ साली शिंगाडे तोडताना त्याच्या पायात काटा रुतला. काटा निघाला, पण जखम दोन महिने भरेना. वर तो लघवीला बसायचा तिथं मुंग्यांची रांग.

बायको गोकुळा म्हणाली, "साखर हाय तुमाले. पाय जाईन एखाद्या दिवशी."

"मुंग्या का डॉक्टर हायेत वं?"

अशात नागपूरहून एक प्राध्यापक जीप घेऊन शाळेत उतरले. घरटी एक आणि आजारी माणसाला वेगळी, अशा लाल पाण्याच्या इवल्याशा बाटल्या वाटल्या. म्हणाले, "यात सोन्याचे कण आहेत, डोळ्यांना न दिसणारे. लघवीचे थेंब टाका. साखर असली तर पाणी निळं होईल."

भाषण अर्धा तास चाललं, गावानं त्यातला एकच शब्द ऐकला: सोनं. आमच्याकडे जन्मल्यावर सोनं उगाळून चाटवतात, मरताना सोन्याचा मणी तोंडात ठेवतात. मधली साठ वर्षं ते फक्त सोनाराच्या काचेत दिसतं. असं फुकटचं सोनं मुतात कोण घालील?

डोमा शाळेमागे गेला आणि रिकामी बाटली घेऊन आला.

"नमुना कुठे आहे, भाऊ?"

"पोटात."

साखर नसताना प्राध्यापकच निळे पडले. डोमा मात्र थेट बाजारात जाऊन पावभर जिलेबी खाऊन आला. "आतून सोनं लागलं माले. आता साखर काय करते?"

दुसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला. गोकुळानं वाद घातला नाही. घरची बाटली तिनं जपून ठेवली होती. वाटी पुढं केली. "आणखी सोनं पाहिजे नं? मंग आधी यात मुता."

सोन्यासाठी डोमा काहीही करायला तयार. तिनं त्याच्यादेखत चार थेंब बाटलीत सोडले. लाल पाणी जांभळं झालं, मग निळं. डोमानं सुजलेला पाय पुढं ओढून पहिल्यांदा नीट पाहिला.

गोकुळा बाटली घेऊन शाळेत गेली. प्राध्यापकांना केवढा आनंद! बाटलीचे तीन फोटो काढले.

"औषध द्या नं साहेब."

"बाई, आमचा प्रकल्प फक्त निदानाचा आहे."

"असं? मंग जीप कोन्या प्रकल्पाची हाय?"

तिनं डोमाला ओढत आणून मागच्या सीटवर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि उतरेचना. सारं गाव जीपभोवती उभं. शेवटी साहेबांना गडचिरोलीचा दवाखाना गाठावा लागला. डॉक्टर म्हणाले, आठवडा उशीर झाला असता तर पाय गुडघ्यापासून कापावा लागला असता. दोन बोटं गेली, पाय राहिला.

प्राध्यापकांच्या अहवालात त्या निळ्या बाटलीचा फोटो छापून आला म्हणे. जीपमधून न उतरणाऱ्या बाईचा नाही.