एकट्याची सही

बाबालालभाई गेल्याचं मला मोबाईलवरच्या आमच्या जुन्या कामगारांच्या ग्रुपमध्ये कळलं. मी बारामतीच्या मंडईत वांगी निवडत होतो. 'बाबालालभाई यांचे आज पहाटे निधन, माती दुपारी सणसर येथे', आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. त्या रांगेत एकानं लिहिलं होतं, 'सहीवाले भाई गेले.' लिहिणाऱ्यानं सहज लिहिलं असेल, बारा वर्षं तेच नाव चालत आलं होतं. मला मात्र तिथंच फुटपाथवर बसावंसं वाटलं. "काय झालं भाऊ?" भाजीवालीनं विचारलं. "काही नाही," मी म्हणालो. काही नाही म्हणण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

गावोगावी पिण्याचं पाणी पोचवणाऱ्या एका सरकारी योजनेवर आम्ही दोघं पंप ऑपरेटर होतो. ते आधीपासून, मी त्यांच्या हाताखाली लागलेला. चालत्या मोटारीवर तळवा ठेवून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. आम्ही सगळे रोजंदारीवर. पाणी रोज सोडायचं, पण नोकरी रोजची नाही! मधूनमधून आमच्यापैकी काहींना चार-आठ दिवस घरी बसवायचे आणि परत बोलवायचे. कागदावर त्याला 'सेवेत खंड' म्हणायचे. सलग सेवा झाली तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून ही सोय. बाबालालभाईंनी संघटना काढली ती या खंडाच्या रागातून. पाच जणांची समिती केली, ते सचिव झाले आणि मला ओढून आत घेतलं, का तर माझं अक्षर बरं होतं.

वाटाघाट म्हणजे काय हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, आणि सरकारी नोकरीतली वाटाघाट किती अवघड जागचं दुखणं असतं तेही. एकदा योजनेच्या साहेबांच्या केबिनबाहेर तीन तास बसवून ठेवल्यावर ते म्हणाले, "दत्ता, लोणी देवकरच्या कारखान्यातल्या पोरांचं बरं हाय. मालक म्होरं बसतो, व्हय म्हनतो न्हायतर न्हाय म्हनतो. आपला मालक कोन? ह्यो सायब? त्यो आपल्यावानीच पगारी." खरंच होतं. साहेब दरवेळी चहा पाजायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "वर विचारतो." हे 'वर' कुठं आहे, तिथं कोण बसतं, आम्हाला कधी कळलं नाही. आणि संप करावा म्हटलं तर कुणाविरुद्ध? पंप बंद पडला की साहेबांच्या घरी टँकर जायचा. घागरी रिकाम्या राहायच्या त्या आमच्या घरच्या.

समितीचा एक नियम होता, आणि तोही त्यांचाच. आत पाच जणांनी हवं तितकं भांडावं, हात वर करून मोजावं, पण बाहेर पडल्यावर कोण कुणीकडं होतं हे बायकोलासुद्धा सांगायचं नाही. बाहेर बोलणार एकटा सचिव, सही करणार एकटा सचिव. पूर्वी एका सदस्याचं मत बाहेर फुटलं होतं आणि पुढच्याच महिन्यात त्याचं नाव हजेरीपटातून गेलं होतं. तेव्हापासून बाबालालभाई म्हणायचे, "शिव्या खायला एक तोंड पुरं हाय. पाच कशाला?" आम्हा चौघांना नियम फार आवडला. कुणाला आवडणार नाही?

अखेर संप झालाच. तिसऱ्या दिवशी बाया हंडे घेऊन पंप हाऊसच्या फाटकाशी आल्या. त्यांत माझी आई होती. ती नुसती बघत राहिली… ते बघणं फार वाईट होतं. त्याच दुपारी साहेबांनी बोलावून कागद पुढं केला. ज्यांची सेवा सलग, ते कायम. ज्यांच्या सेवेत खंड, अशा सहा जणांचा 'पुढील टप्प्यात सहानुभूतीपूर्वक विचार'. पाच वाजेपर्यंत सही करा, नाहीतर अत्यावश्यक सेवा अडवल्याबद्दल सगळ्यांनाच नोटिसा. या वेळी साहेबांना वर विचारायचं नव्हतं.

त्या सहांत रामूतात्या होते. तात्या व्हॉल्व्हमन, सणसरचेच, बाबालालभाईंच्या दोन घरं पलीकडचे. रोज सकाळी एका सायकलवर दोघं कामाला यायचे. समिती स्टोअररूममध्ये बसली, पाइपांच्या थप्प्यांवर. बाहेर गलका चालला होता. बाबालालभाई म्हणाले, "खंड काय त्या सहांनी घेतला का? दिला सायबानं. आज सहा सोडलं, तर उद्या साठ सोडायला सांगत्याल." एका सदस्यानं त्यांना साथ दिली. बाकी दोघांनी सही करावी म्हणून हात वर केले. दोनाला दोन. राहिलो मी.

माझ्या सेवेत खंड नव्हता. फाटकावर आई उभी होती. खरं सांगायचं तर ही दोन कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी नुसती भीती वाटली, हातची नोकरी जाईल अशी, आणि मी हात वर केला. बाबालालभाईंनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नव्हे. उठले, केबिनमध्ये गेले, सही केली, बाहेर येऊन म्हणाले, "म्या मान्य क्येलं. पंप चालू करा." रामूतात्यांनी भर गर्दीत विचारलं, "बाबालाल, माझं नाव कुठं हाय रं?" भाई म्हणाले, "फुडच्या टप्प्यात." तात्या त्यांच्या पायाशी थुंकले आणि सायकल न घेता चालत गेले.

पुढचा टप्पा आला नाही. मी कायम झालो, पगारी रजा मिळाली, मुलीला शिकवलं. तात्या उसाच्या फडावर मजुरीला जायला लागले. एका गल्लीत राहून दोघांत बारा वर्षांत एक शब्द नाही. भाईंनी साहेबांकडून पैसे खाल्ले, असंही लोक बोलले. त्यांनी खुलासा केला नाही, कारण खुलासा करायचा तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. एका लग्नाच्या पंगतीत मी न राहवून म्हणालो, "भाई, मी सांगून टाकतो सगळ्यांना." ते हळूच म्हणाले, "गप जेव. आतलं आत." मला सुटल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते. नियम त्यांनी केला होता, पण त्यात बसून राहणं मला सोयीचं होतं, आणि ते मात्र आत कोंडले गेले.

भाईंच्या चाळिसाव्याला सणसरला गेलो, तेव्हा जेवणं उरकल्यावर त्यांच्या बायकोनं, चाचींनी, कापडात बांधलेला एक गठ्ठा दिला. "संघटनंचं हाय म्हनत हुते. तुमीच बघा." आत अर्जांच्या प्रती होत्या. दर वर्षी एक, अगदी निवृत्तीनंतरसुद्धा, त्याच सहा नावांसाठी, आवक शिक्क्यानिशी. प्रत्येक अर्जाच्या तळाशी समितीच्या पाच जणांची नावं. पहिल्यापुढं त्यांची सही, बाकी चार जागा कोऱ्या. कधी मागितल्या नाहीत त्या सह्या त्यांनी. सर्वात वरचा अर्ज यंदाचा होता, द्यायचा राहून गेलेला. मी चाचींकडून पेन मागून घेतला.

मग ते कागद घेऊन दोन घरं पलीकडं गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. मातीच्या दिवशी कब्रस्तानात आले नव्हते, वाटेला उभे होते लांब, मी पाहिलं होतं. मी सगळं सांगितलं. स्टोअररूम, दोनाला दोन, आणि हात. तात्यांनी मध्येच विचारलं, "त्यो कुणीकडं हुता?"

"तुमच्याकडं."

"आन् तू?"

"मी सही करा म्हणालो, तात्या."

मला वाटलं ते थुंकतील, थुंकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वरचा अर्ज घेतला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरला, आणि भाईंच्या सहीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "बारा वर्सं त्याच्या दारावरनं जाताना मान फिरवली म्या. आता कुणाकडं बघू?"

तात्या आत गेले आणि कागद बरोबर घेऊन गेले. दार त्यांनी लावून घेतलं. त्या कागदावर भाईंची सही आहे आणि तिच्याखाली, त्यांच्या चाळिसाव्याला केलेली, माझी.