ऑक्साइड काय शिवी हाय का?

"हात वर कर. दोन्ही. दाखव सगळ्यांना."

मी केले. राहात्यातलं कॉलेज, बारावीचा वर्ग. माझ्या नखांत, बोटांच्या पेरांत तांबडा रंग. बाप फॅब्रिकेशनच्या दुकानात गेटं रंगवतो. रविवारी मी मदतीला गेले होते. थिनरनं कितीही घासलं तरी रेड ऑक्साइड लवकर निघत नाही.

"बघा," केमिस्ट्रीचे सर म्हणाले. "ऑक्साइड म्हणजे गंज. काही घराण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला असतो. सवलती दिल्या म्हणून निघत न्हाई."

वर्ग हसला. आम्ही बौद्ध. माझं आडनाव सगळ्यांना माहीत. मीही हसले. त्या हसण्याची अजून किळस येते.

तिथून माझं नावच गेलं. ए ऑक्साइड, फळा पूस. ए ऑक्साइड, परीक्षानळ्या धू. शेजारी बसणाऱ्या पोरीसुद्धा तसंच म्हणायला लागल्या.

एकदा घरी पुस्तक काढलं. ऑक्सिजन दुसऱ्या मूलद्रव्याशी जोडला गेला की ऑक्साइड. गंज ऑक्साइड. चुनकळी ऑक्साइड. पाणीसुद्धा ऑक्साइडच. आणि बाप लोखंडाला तांबडा हात मारतो तो गंज चढू नये म्हणून! सगळं पान वाचलं. त्यात माझं घराणं कुठंच नव्हतं. ते सरांनी घातलं होतं. डोकं तापलं.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला. "ए ऑक्साइड, पाण्याची बाटली भरून आण."

मी उठले नाही.

"ऐकू येत न्हाई का?"

"माझं नाव हजेरीत हाय, सर. ते घ्या."

"लई राग आला? ऑक्साइड काय शिवी हाय का?"

"शब्द शिवी न्हाई. तुमी केली."

या वेळी कुणी हसलं नाही. मला वर्गाबाहेर काढलं. बापाला बोलावणं गेलं.

प्राचार्यांच्या टेबलासमोर तो हात जोडून उभा. कपड्यांवर रंगाचे शिंतोडे.

"माफी मागू दे तिला. मिटवून टाकू," प्राचार्य म्हणाले.

बाप हळूच म्हणाला, "माग, पोरी. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात हायती."

"न्हाई मागणार, आबा. आन् तुमी हात खाली घ्या."

त्यानं लगेच घेतले नाहीत. माझ्याकडं बघत राहिला. मग घेतले.

माफी न मागताच मी वर्गात परत बसले. सर आता ऑक्साइड म्हणत नाहीत. नावही घेत नाहीत. हजेरीला माझा नंबर आला की नुसतं बोट दाखवतात. मार्क कापतील. कापू देत. बोटाला मी उभी राहत नाही. आडनावासकट पूर्ण नाव घ्यायचं, तेव्हाच मी 'हजर' म्हणणार. तोवर खुशाल गैरहजर लावा. मी पहिल्या बाकावर बसलेली आहे.