सुरमा घालून तपासणीला

लासूर स्टेशन ते शहर अशी काळीपिवळी जीप चालवता चालवता माझे केस पांढरे झाले. तरी लायसन नवं करायचं म्हणलं की डॉक्टरचा दाखला आणा. गाडी मी चालवतो, रस्ता मला पाठ, अन् मला चालवता येतं का नाय हे सांगणार टेबलामागचं माणूस!

अलीकडं समोरून येणारे दिवे फुटल्यासारखे दिसायचे. मी म्हणलं, गाडीची काच घासली. काच बदलली. तरी तेच. नवीबी खराब दिली म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. चष्मा लावावा तर आमच्या स्टँडवर धंदाच बसतो. चष्मेवाला ड्रायवर दिसला की रांगेत मागच्या नंबरचा जीपवाला लगेच ओरडतो, "आंधळ्याच्या गाडीत कुठं बसता, इकडं या!"

तपासणीच्या सकाळी शहागंजात अत्तरवाल्याकडून ठंडा सुरमा घेतला. आमचे जुने ड्रायवर लांबच्या फेरीआधी तोच घालायचे. नजर साफ होते म्हणायचे. मी दोन्ही डोळ्यांत भरपूर ओढला.

दवाखान्यात गालावर काळ्या धारा. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची.

"आजोबा, रडता कशाला?"

"रडत नाय. अन् काका म्हणा."

"बरं काका, वरची ओळ वाचा."

ओळ कुठली, तक्ताच दिसंना. मी म्हणलं, "सुरम्यानं झालं." तिनं डोळे धुवायला लावले, बाहेर बसवलं, पुन्हा उभं केलं. डोळे साफ, तक्ता धूसरच. मग तिनं बॅटरी मारून बघितलं.

"सुरम्याचा दोष नाही काका. दोन्हीकडं मोतीबिंदू वाढलाय. ऑपरेशन करा, चष्मा लावा, मग सही करते."

"अन् तवर?"

"तोवर गाडी बंद."

"लई सोपंय तुमचं," म्हणून उठलो. घरी सांगितलं तर बायको म्हणती, "काच बदलायच्या आधी डोळा दाखवला असता तर?" तिच्याशीबी भांडलो.

ऑपरेशनला निघालो तेव्हा स्टँडवरच्या कुणाच्या जीपमध्ये बसलो नाय. एसटी धरली, ड्रायवरच्या मागची सीट पकडली. त्याच्या नाकावर हा जाड भिंगाचा चष्मा! मी वाट बघत बसलो, आता कुणीतरी ओरडंल, कुणीतरी उतरंल. गाडी गच्च भरली. एक म्हातारी चढता चढता त्याला म्हणली, "नीट ने रे बाबा."

"व्हय मावशी," म्हणला, चष्मा सदऱ्याला पुसला अन् गाडी काढली.

एकबी माणूस उतरला नाय.