मॅडम म्हणाल्या, "पाणी भर"

मैत्रिणींनो, दुपारपासून माझे हात गारच पडलेत, म्हणून इथं लिहितेय.

नर्सिंगची परीक्षा पास झाल्यावर आज बीडला एका दवाखान्यात पहिला इंटरव्ह्यू होता. केजहून जीपमध्ये येताना सगळे डोस पाठ करत आले. मेट्रन मॅडमनी त्यातलं काहीच विचारलं नाही. ट्रेमधल्या छोट्या बाटलीकडं बोट केलं.

"इंजेक्शन विरघळवायचं पाणी हाय. सिरिंजमध्ये भर."

मी पटकन भरलं. हवेचा बुडबुडासुद्धा काढला.

"आता बाटलीवरचं नाव वाच."

पोटॅशियम होतं.

"हे थेट शिरेत गेलं तर?"

"हृदय बंद पडतं, मॅडम." परीक्षेत हेच लिहिलं होतं.

"पाठ हाय की तुला. मग वाचलं कावून न्हाई?"

"तुमी सांगितलं म्हणून."

त्यांनी माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली. मग म्हणाल्या, "सोमवारपासून ये. पण माझंबी खरं धरू नको."

घरी पेढे वाटणं चालू आहे. आजोबांनी बाही वर केली, "आता सुई तुझ्याच हातची." मी हात पाठीमागं लपवले.

नोकरी करणाऱ्या तायांनो, खरं सांगा. वॉर्डात घाई असताना मोठ्यांनी हातात दिलेलं तुम्ही दरवेळी वाचता का?